एकशे तेरा

औंधजवळच्या आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या संचलनाची तालीम चालू होती. गावातले एक निवृत्त सुभेदार मुलांना शिकवायला यायचे आणि त्यांना सगळ्या रांगा सारख्याच लागायच्या. मुलं होती एकशे तेरा. सातासातांच्या रांगा केल्या, एक उरलं. आठाआठांच्या केल्या, तरी एक उरलं. सुभेदारांनी पुन्हा शिट्टी फुंकली. मी गणिताची बाई. न जमणारी गोष्ट कुणी परत परत करत बसलं की मला एका जागी उभं राहवत नाही.

“अहो, मूळ संख्या आहे ती!” मी शेवटी ओरडलेच. “दोन, तीन, पाच, सात, कशानंच भाग जात नाही. अकराचा वर्ग एकशे एकवीस, म्हणजे पुढं बघायलाच नको. एक मूल कमी करा, लगेच जमेल.”

“मग करा की कमी,” सुभेदार म्हणाले.

मी तरातरा गेले आणि एका मुलीला हाताला धरून बाहेर काढलं. तिचे आईवडील मेंढरं चारत फिरून तिला घेऊन त्याच आठवड्यात आमच्या गावी परतले होते. त्यामुळं पटावर तिचं नाव शेवटचं होतं. आठाआठांच्या चौदा रांगा झाल्या. सुभेदार खूश झाले.

ती माझ्याशेजारी उभी राहून बराच वेळ रांगांकडे बघत होती. मग म्हणाली, “बाई, कुणालाबी काडलं असतं तरी जमलं असतं की. मग मलाच का?”

तिचं गणित अचूक होतं. मी रांगा मोजत असल्याचं सोंग केलं.