तुपाच्या डब्यातला मोगरा

मी माणदेशातली. आमच्याकडे हंडा गळका निघाला, तर घरात कुणी गेल्यासारखी तोंडं व्हायची. त्यामुळे लग्न होऊन बोईसरला आले आणि दारातली विहीर तुडुंब भरलेली पाहिली, तेव्हा मनात म्हटलं, आता काय, आता मी दगडालासुद्धा फुलं आणीन! तारापूरला विजेचं मोठं काम निघालं होतं, आमचे हे तिथे फिटर होते. भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत शेवटची खोली आमची. शेजारी नाशिककडचं जोडपं. त्यातले यजमान ह्यांच्याबरोबरच कामाला जायचे. त्या बाईंना मी वहिनी म्हणायचे, त्या मला ताई.

वहिनींना दिवस होते. आधीचं बाळ बारसं व्हायच्या आतच गेलं होतं. त्या खेपेला सासरी थाटात डोहाळजेवण झालेलं, फुलांचे दागिने घालून वाडी भरलेली. म्हणून ह्या खेपेला काही म्हणजे काहीच नको, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कुणी विषय काढला की उठून आत जायच्या. मला हे बघवेना. बाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसते, ही काय रीत झाली?

"सातव्यात मी भरणार तुमची वाडी," मी एकदा ठणकावून सांगितलं.

"इथे फुलं कुठून आणाल, ताई?"

"घरी लावीन."

त्या हसल्या. माझ्या हातानं तोवर साधी तुळससुद्धा धड जगली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. "बरं," म्हणाल्या, "तुमच्या घरच्या मोगऱ्याला फुलं आली, तर बसेन." नाही म्हणायचा तो त्यांचा गोड मार्ग होता, एवढं मला कळत होतं. पण शब्द तो शब्द!

आमच्या घरमालकीणबाई तिथल्याच, त्यांच्या मागच्या वाडीत मोगऱ्याचे ताटवे होते. त्यांनी मुळांसकट रोपं दिली. वनस्पती तुपाचे रिकामे डबे जमवून त्यांत मी ती लावली आणि खिडकीत उन्हाला ठेवली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पुन्हा पाणी. पान पिवळं पडलं की मला वाटायचं तहानलंय, की घाल आणखी तांब्याभर. घरमालकीणबाई खिडकीशी थांबून म्हणायच्या, "अगं बाय, मोगरा हाय तो, म्हस नाय!" मी मनात म्हणायचे, तुम्हाला काय, तुमचं पाणी कधी आटलंच नाही.

रोपं एकेक करून माना टाकायला लागली. शेवटी एक उपटून पाहिलं, तर मुळं काळी आणि गटारासारखा भपकारा. डब्यात खाली पाणी साचून चिखल झालेला. आता कुणीही विचारील, डब्याला भोकं नव्हती पाडली? नव्हती! चांगल्या धड डब्याला हातानं भोक पाडायचं? आमच्याकडे असलं काही करणाऱ्या बाईला वेड्यात काढतील. पाणी वाहून जायलाच पाहिजे, हे माझ्या डोक्यात शिरायची सोयच नव्हती.

एकच रोप तग धरून होतं. ह्यांचा खिळा आणि वरवंटा घेऊन बसले. पहिला घाव घालताना, खोटं कशाला सांगू, जिवावर आलं. खालून गढूळ पाणी भळभळा वाहिलं आणि मी बाई तिथेच बसून रडले. मग डोळे पुसले, कुजलेली मुळं कापली, फांद्या छाटल्या, कोरडी माती भरली आणि पाण्याचा तांब्या फळीवर ठेवून दिला. माती खडखडीत झाल्याशिवाय खाली काढायचा नाही. थोडक्या पाण्यावर जीव कसा धरायचा, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण उरलीसुरली पानंही गळाली. नुसत्या काड्या राहिल्या. वहिनी पाणी भरून येताना खिडकीशी थांबल्या. कळशी कमरेवर तशीच.

"गेलं ना?" त्यांनी विचारलं. आवाज पार खाली गेलेला.

तेव्हा मला कळलं. नाही म्हणायला घातलेली अट त्यांनी मनाला लावून घेतली होती. हे रोप मेलं असतं, तर वाडी राहू दे बाजूला, ह्या बाईनं सगळी आशाच सोडली असती. मी काडीवर नख ओढून दाखवलं. सालीखाली हिरवं होतं.

"बघा. गेलेलं असतं तर असं दिसलं असतं?"

त्यांनी स्वतः नख लावून पाहिलं. मग रोज सकाळी, मी उठायच्या आधी, खिडकीशी बांगड्या वाजायच्या. मी मुद्दाम झोपेचं सोंग करायचे.

माघात काड्यांना डोळे फुटले, फाल्गुनात पालवी आली आणि चैत्रात कळ्या. ह्यांना म्हटलं, "बघा, म्हटलं होतं ना!" हे म्हणाले, "डबा माझा, खिळा माझा, आणि तोरा तुझा."

वहिनींना सातवा लागला. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी कळ्या खुडल्या आणि माझं तोंड उतरलं. मुकुट नाही, बाजूबंद नाही, हार तर नाहीच. कशीबशी एका मनगटापुरती माळ होत होती. ताट पुढे धरून मी म्हटलं, "वहिनी, वाडी काही भरत नाही एवढ्यात. घरमालकीणबाईंकडून मागून आणते."

"नको," त्या म्हणाल्या. "तुमच्या मोगऱ्याला फुलं आली तर बसेन, म्हटलं होतं. आली की!"

पाट मांडायला त्यांनी मला वेळच दिला नाही. स्वतःच मांडून बसल्या. माळ मनगटावर बांधून मी ओटी भरायला घेतली. मी नारळ उचलला.

"भीती वाटते हो, ताई," त्या म्हणाल्या, आणि पदर दोन्ही हातांनी पुढे पसरला.