जिलेबीबरोबर आलेला प्रश्न

टीमच्या ग्रुपवर आमच्या कोच सरांचा मेसेज आला, ‘रविवारी लंच. सर्वांनी वेळेवर यावे.’ मी तो आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, “जेवायला बोलावलंय व्हय? मग मोकळ्या हातानं कशी जातीस?” आणि माझ्या सॅकमध्ये, पाण्याच्या बाटलीशेजारी, एक नारळ टाकला. लंचला नारळ नेतात की नाही, हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अशा वेळी विचारायचं कुणाला, हेही मला अजून नीटसं कळत नाही.

आम्ही शहराबाहेर मांजरी गावात राहतो. मी कॉलेजच्या मुलींच्या हॉकी टीमची गोलकीपर आहे. त्या रविवारी मात्र ‘आहे’ म्हणावं की ‘होते’, हे माझं मलाच कळत नव्हतं.

हॉकी मी कॉलेजात आल्यावरच पाहिली. स्टिक नीट धरता येईना, पण चेंडूला भीत नव्हते, म्हणून सरांनी मला पॅड बांधून गोलात उभं केलं. वर्गात मी मागच्या बाकावर असायचे. कँटीनमध्ये काय मागायचं आणि कसं, याची आधी मनात तयारी करायचे. पण गोलाच्या दोन खांबांमध्ये उभी राहिले की वाटायचं, ही जागा आपली. हेल्मेट घातल्यावर तर कुणाकडे बघायचं, कसं बघायचं, हा प्रश्नही उरत नसे.

गेल्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो आणि शेवटच्या मिनिटांत हरलो. समोरच्या टीमची एक मुलगी आमच्या कॅप्टनताईच्या पाठीमागून पळत येत होती. ताईला ती दिसत नव्हती, मला दिसत होती. गोलकीपरचं अर्धं काम ओरडण्याचं असतं. मागून कोण येतंय, कुणी कुठे सरकायचं, हे तिनंच सांगायचं. मी सांगितलं. म्हणजे, “ताई, तुमच्या मागून कुणीतरी येतंय, जरा बघता का?” असं म्हणायला सुरुवात केली. ‘बघता का’पर्यंत पोचले तेव्हा चेंडू जाळीत होता.

ताई त्यावरून वर्षभर माझी नक्कल करत होती. “अगं, मी काय तुझी सासू आहे? ‘डावीकडे’ म्हण, संपलं!” ती चिडून नव्हे, हसतच म्हणायची. पण आमच्या घरी मोठ्यांवर आवाज चढवायची रीत नाही. बाबांना हाक मारायची तरी आम्ही जवळ जाऊन मारतो. मैदानावर ओठापर्यंत आलेला शब्द मला परत गिळावासा वाटे.

आणि आता कानावर येत होतं की यंदा बाहेरच्या कॉलेजातली एक गोलकीपर आमच्याकडे प्रवेश घेणार आहे.

लंच म्हणजे काय ते रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये गेल्यावर कळलं. आमच्या प्रत्येक मॅचला पायऱ्यांवर ठरलेली काही मंडळी बसतात. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, जुने खेळाडू, एक बँकेतल्या काकू, कॅम्पातले एक कापडवाले. सीझन सुरू व्हायच्या आधी ही मंडळी टीमला जेवायला घालतात. टीमनं बसायचं आणि चाहत्यांनी वाढायचं. सर बोलतात, मग चाहते प्रश्न विचारतात. त्यात एक नियम आहे. ज्याला सरांना प्रश्न विचारायचा असेल, त्यानं आधी हातात भांडं घ्यायचं. वाढल्याशिवाय प्रश्न नाही.

“पूर्वी नुसतेच प्रश्न यायचे,” शेजारी बसलेल्या ताईनं मला सांगितलं, “आणि मसालेभात गार व्हायचा. म्हणून सरांनी हे काढलं.”

सर मूळचे कॅम्पातले. त्यांच्या घरचं शिवणकामाचं दुकान तिथे आजोबांच्याही आधीपासून आहे. मैदानावर ते शिट्टीनंच बोलतात, त्यामुळे त्यांचं भाषण मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते उभे राहिले.

“नमस्कार. मठ्ठा गार आहे तो गारच राहील, पण पुऱ्या थांबायच्या नाहीत, म्हणून थोडक्यात बोलतो. गेल्या वर्षी आपण हरलो. कसे हरलो ते आपण सगळे वर्षभर मला सांगत आला आहात, तेव्हा ते मी पुन्हा सांगत नाही.”

सगळे हसले. मी पुरी मोडत राहिले.

“मला एवढंच सांगायचंय,” सर पुढे म्हणाले, “की ह्या मुली पहाटे अंधारात घरातून निघतात. कुणी दोन बस बदलून येते. कुणाच्या घरी अजून वाटतं की हॉकी म्हणजे क्रिकेटचाच काहीतरी प्रकार. तरी येतात. हरल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा आल्या होत्या. मी सुट्टी दिली होती, तरी. म्हणून मी यंदा आशेवर आहे. आपणही राहा. बसा, विचारा. भांडी तिकडे आहेत.”

हरल्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो होतो ते मी आणि ताई, आम्ही दोघीच. ताई माझ्याकडे बघून भुवया उडवू लागली.

बँकेतल्या काकूंनी बटाट्याची भाजी वाढत नव्या शूजविषयी विचारलं. कापडवाल्यांनी मठ्ठा वाढत विचारलं, “सर, ह्या वर्षी तरी जर्सीचा रंग धुतल्यावर राहणार का?” सर म्हणाले, “कापड तुमच्याच दुकानातलं होतं.” मग बराच वेळ कुणी मठ्ठा वाढायला उठलं नाही.

नंतर जिलेबीचं ताट घेऊन एक आजोबा आले. पांढरा शर्ट, डोक्यावर क्रिकेटवाल्यांसारखी टोपी. हे दर मॅचला सर्वांत खालच्या पायरीवर बसतात. ते ओळीतून वाढत वाढत आले आणि नेमके माझ्यासमोर थांबले. माझ्या पानात एक जिलेबी टाकली, दुसरी टाकली, आणि मान वळवून सरांना म्हणाले, “सर, माझा प्रश्न गोलकीपरचा! ती मुलगी मैदानावर मौन पाळते का? बाहेरून चांगली गोलकीपर आणताय ना यंदा?” आणि पुन्हा माझ्याकडे वळून, “घे गं, लाजू नको. वाळलीयेस किती!”

ओळीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ठसका लागला. आजोबांनी मला गेला सगळा सीझन मैदानावर पाहिलं होतं, पण हेल्मेटमध्ये. माझा चेहरा त्यांना ठाऊकच नव्हता.

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “आजोबा, माझ्याकडे उत्तर आहे. पण ती मुलगी इथंच जेवतेय. कुणाच्या पानासमोर मी त्याच्याविषयी बोलत नाही. तुम्ही तिलाच विचारा.”

“कुठंय ती?” आजोबा ताट घेऊन इकडेतिकडे बघू लागले. टीममधल्या सगळ्याजणी एकदम खाली बघून जेवायला लागल्या.

मला वाटलं, गप्प बसावं. आजोबा शोधून शोधून पुढे जातील. पण मग सर त्या बाहेरच्या मुलीला आणतील, आणि मला काय म्हणायचं होतं ते कुणालाच कळणार नाही. मी उभी राहिले.

“मीच ती,” मी म्हणाले.

“काय?”

“ती गोलकीपर मी आहे, आजोबा.”

“मोठ्यानं बोल बाळ, ह्या कानानं ऐकू येत नाही मला.” त्यांनी दुसरा कान पुढे केला. तोही फारसा चालत नसावा.

“आजोबा, गोलकीपर मीच आहे!” मी ओरडले. आणि एकदा ओरडल्यावर थांबता आलं नाही. “गेल्या वर्षी मी ओरडले नाही! यंदा ओरडेन! मला गोलात उभं राहायचंय!”

मठ्ठ्याच्या भांड्याशी उभ्या असलेल्या काकूंनी छातीला हात लावला. मी आयुष्यात पहिल्यांदाच एका म्हाताऱ्या माणसावर ओरडले होते, आणि तेही त्यांनी जिलेबी वाढल्यावर.

आजोबांनी ताट खाली ठेवलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग हे आधी सांगायचं नाही होय? मी आपला तुझ्यापुढेच तुझी उणीदुणी काढतोय. घे, अजून एक घे.”

सगळा हॉल हसला. हसू ओसरल्यावर सर म्हणाले, “आवाज आहे म्हणायचा. जिलेबीसमोर निघाला. आता चेंडूसमोर निघतो का ते उद्या बघतो, आणि मग आजोबांना उत्तर देतो. प्रश्न वाढून विचारलाय, उत्तर द्यावंच लागेल.”

घरी गेल्यावर आईनं सॅक उघडली. “नारळ तसाच माघारी आनला?” मी तिला सगळं सांगितलं. ती तोंडाला पदर लावून बसली. “एवढ्या मोठ्या मानसावर वरडलीस?” जरा वेळानं तिनं विचारलं, “मग काय म्हनले ते?”

“अजून एक जिलेबी दिली.”

आईनं थोडा विचार केला. “मग हरकत न्हाई,” ती म्हणाली, “उंद्या बी वरड. आन् नारळ तिथंच फोड.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं तो गोलाच्या खांबापाशी फोडला. सरांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि शिट्टी वाजवली.

पहिले दोन चेंडू सोपे होते. तिसऱ्या वेळी उजवीकडून पास आला आणि ताईच्या मागून एक मुलगी सुटली, अगदी फायनलसारखी. माझ्या तोंडात ‘ताई’ आलं. ते मी आत ठेवलं.

“डावीकडे! मागे!”

ताई वळूनही न बघता डावीकडे गेली. चेंडू तिच्या स्टिकला लागून बाहेर गेला. मग मात्र मला राहवेना. “सॉरी ताई,” मी म्हणाले.

“पुन्हा सॉरी म्हणालीस तर मारीन!” ताई ओरडली.

प्रॅक्टिस संपता संपता पाहिलं, तर आजोबा खालच्या पायरीवर येऊन बसले होते. सर तिकडे चालत गेले. मीही पॅड सोडता सोडता तिकडे पाहत होते.

“आजोबा, तुमचं उत्तर,” सर म्हणाले. “बाहेरून कुणालाही आणत नाही.”

“काय?”

सर पुन्हा म्हणाले. आजोबांनी दुसरा कान पुढे केला. तेव्हा सरांनी मान वळवून माझ्याकडे बोट केलं.

“तू सांग गं त्यांना. इथूनच.”

मी हेल्मेट काढलं आणि गोलातूनच ओरडून सांगितलं.