कॉलम बोलतो

रवींद्र साटम लग्नाला गेले की आधी हॉलच्या खांबाला भेटायचे आणि मग नवऱ्या मुलाला. बोटाच्या सांध्यानं टकटक करायची, कान लावायचा, शेजारच्या खांबाशी आवाज ताडून बघायचा आणि खूश होऊन म्हणायचं, "बोलतो." खणखणीत वाजला तर कॉलम बोलतो, आतून पोकळ असेल तर 'ढब' करतो, हे त्यांचं शास्त्र. बायको कल्पिता वैतागायची. "अहो, कधीतरी माणसांशी पण बोला!"

कळव्याच्या चाळीत वाढलेला हा माणूस सिव्हिल इंजिनीअर झाला. माजिवड्याच्या बाजूला कितीतरी टॉवर त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. स्लॅब भरायचा असला की साहेब घर विसरायचे. मिक्सर आणि व्हायब्रेटरच्या धडधडाटात उभी नोकरी गेली. रविवार मात्र घरच्यांचा. मुलगी मेघनाला बरोबर घेऊन धाकट्या बहिणीकडे, हेमाकडे, डोंबिवलीला फेरी ठरलेली. आई गेल्यापासून हेमाचं माहेर म्हणजे दादाच.

हेमाची बिल्डिंग जुनी. यंदा जिन्याजवळच्या कॉलमला उभी भेग पडली आणि लोकांचं धाबं दणाणलं. हेमानं दादाला बोलावलं. साहेबांनी त्या कॉलमवर हातोडी मारली, शेजारच्यावर मारली. दोन्ही सारखेच वाजले. "बोलतो," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "राहा निर्धास्त. मशीन लावून तपासणी गणपतीनंतर सावकाश करू." सामान बांधून बसलेल्या लोकांनी गाठोडी सोडली. एवढ्या मोठ्या इंजिनीअरनं सांगितल्यावर कोण कशाला हलेल?

साहेबांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक टाइल पोकळ होती. इंजिनीअरच्या घरात पोकळ टाइल, म्हणून घरात सगळे त्यांची टर उडवायचे. आज सकाळी कल्पिताच्या हातून त्याच टाइलवर लाटणं पडलं. साहेब सवयीनं वाकले, टाइल वाजवली, शेजारची वाजवली. दोन्ही सारख्याच.

"ही टाइल कधी बदललीस गं?"

"बदलली कुठे? आत्ता केवढ्यानं ढब वाजली की!"

साहेबांनी पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. मेघना हल्ली एकेक हाक दोनदोनदा मारते आणि आपण 'लक्ष नव्हतं' म्हणून वेळ मारून नेतो, हे त्यांना आठवलं. हेमा त्या कॉलमच्या भरवशावर झोपत होती.

मेघनाला घेऊन त्यांनी तडक डोंबिवली गाठली. जिन्याजवळ जाऊन हातोडी काढली. "मी मारतो, तू ऐक."

मेघनाचा चेहरा उतरला. "बाबा, हा ढब वाजतोय. पार खालपासून वरपर्यंत."

साहेब धापा टाकत वर गेले. "हेमा, गॅस बंद कर आणि निघ. सगळ्यांना बाहेर काढ."

हेमा हसली. "अरे दादा, तूच म्हणालेलास ना, राहा म्हणून?"

"चुकलो गं. मला नीट ऐकू येत नाही."

"काहीतरीच! मग आत्ता माझ्याशी कसा बोलतोयस?"

"तुझ्या ओठांकडे बघून!"

तिचा नवरा सुदेश अवघडला. "दादा, चार माणसांत तुम्ही शब्द दिलात. आता लोकांना काय सांगू मी? कुठे जातील सगळे?"

"सांगा, साटम बहिरा झालाय. पण काढा त्यांना!" साहेबांनी धाकट्या बहिणीपुढे हात जोडले. तिला ते बघवेना, पण तिचा विश्वासही हटेना. दादाचा शब्द तिनं जन्मात कधी खोटा मानला नव्हता, आणि आता नेमकं तेच सगळ्या बिल्डिंगच्या मुळावर आलं होतं.

"बरं, असं कर," ते म्हणाले. "मी भिंतीकडे तोंड करतो. तू नेहमीच्या आवाजात मागून हाक मार. मी वळलो तर राहा इथेच."

ते भिंतीला नाक लावून उभे राहिले. सगळा जीव कानांत गोळा झाला. हाक ऐकू यावी असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही. आयुष्यभर ज्या कानांवर मिजास केली, ते आज निकामी निघावेत म्हणून हा माणूस देवाला विनवत होता.

बराच वेळ काहीच नाही.

"अगं, मार ना हाक," ते कळवळून म्हणाले. "वेळ नको घालवूस."

तरी काही नाही. शेवटी न राहवून ते वळले. सुदेश दार उघडून बाहेर धावला होता, मेघना सिलिंडर बंद करत होती. आणि हेमा त्यांच्या अगदी पाठीशी उभी होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ओठ अजून हलत होते, दादा, दादा.