केळे नाकारणारी साक्षीदार

आधी धुळ्याला आणि नंतर जळगावला मी न्यायालयात साक्षीदारांना शपथ देण्याचे काम केले. लोक माझ्या मागोमाग "खरे सांगेन" म्हणत पिंजऱ्यात उभे राहत आणि शपथेचा आवाज विरण्याच्या आत खोटे सांगू लागत. मला ते थांबवण्याचा अधिकार नव्हता. तो साठलेला संताप निवृत्तीनंतर पत्रांत उतरला. नगरपालिकेचे तुंबलेले गटार असो की बसस्थानकावरचे चुकीचे वेळापत्रक, मी सविस्तर पत्र लिहितो, प्रत ठेवतो आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरत नाही. यांतल्या बहुतेक पत्रांना उत्तर आलेले नाही. एका पत्राला मात्र आले. त्या पत्राचा मला अभिमान आहे, आणि ज्या बाईसाठी ते लिहिले तिचा त्याहून कितीतरी अधिक आहे.

ती बाई म्हणजे माझी पत्नी. माहेर भडगावजवळ, गिरणेच्या काठचे. चाळीस वर्षे जळगावात काढूनही घरात ती खान्देशीच बोलते. आमच्या गल्लीत तिच्या नाकाला मान होता. उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करण्यासाठी ज्वारी तीन दिवस भिजत घालतात. ती किती आंबली हे घड्याळ सांगत नाही, वासच सांगतो. थोडी कमी आंबली तर पापड फुलत नाही, जास्त आंबली तर तो तोंडात कडवट लागतो. त्यामुळे गल्लीतल्या बायका मूठभर भिजलेली ज्वारी वाटीत घेऊन आमच्या ओट्यावर येत आणि विचारत, "अक्का, झाली का?" ही वाटी नाकाशी धरी, क्षणभर थांबे आणि निकाल देई. त्या निकालावर अपील नव्हते.

चार वर्षांपूर्वी तिचे नाक बंद राहू लागले. डोके जड, कपाळ दुखते, रात्रभर तोंडाने श्वास. आम्ही सर्दी समजून तिला वाफा दिल्या. त्या उन्हाळ्यात शेजारीण वाटी घेऊन आली तेव्हा हिने ती नाकाशी धरली आणि तशीच परत केली.

"माले वास येत नही," ती म्हणाली. "दुसरीले दखाड."

"अक्का, अंदाजाने सांगा ना. तुमचा अंदाजसुद्धा आमच्यापेक्षा बरा."

"अंदाजवर तुन्ही ज्वारी खराब व्हयनी तर?"

शेजारीण गेली. माझी पत्नी आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. ती भांडी आधीच घासलेली होती.

शेवटी आम्ही शहरातल्या एका रुग्णालयाच्या नाक-कान-घसा विभागात गेलो. दुर्बिणीने पाहिल्यावर दोन्ही नाकपुड्यांत द्राक्षाच्या मण्यांसारखे फुगलेले मस दिसले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळे समजावले. पूर्वी समज असा होता की सायनसमध्ये पू साचतो, तो काढला की रोग संपला. अलीकडच्या संशोधनातून दिसते की हा नाकाच्या आतल्या अस्तराला आलेल्या जुन्या सुजेचा रोग आहे आणि ती सूजही प्रत्येकात एकाच प्रकारची नसते. शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते, त्या वाटेने औषध आत पोहोचते. मस पुन्हा वाढू शकतात, म्हणून नाक धुणे आणि औषध पुढे चालूच ठेवावे लागते.

"आणि वास?" मी विचारले.

"कितपत परत येईल ते आधी सांगता येत नाही, काका. म्हणूनच आमचा विभाग शस्त्रक्रियेनंतरच्या वासाची नोंद ठेवतोय. काकूंची संमती असेल तर त्यांचीही ठेवू."

संमतीपत्र मी दोनदा वाचले, त्यातली तीन वाक्ये संदिग्ध असल्याचे दाखवून दिले आणि मगच पत्नीसमोर ठेवले. तिने सही केली.

शस्त्रक्रियेपूर्वी सूज उतरावी म्हणून तिला काही दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. तिला मधुमेह आहे. गोळ्यांनी साखर इतकी चढली की एका दुपारी ती स्वयंपाकघरातच बसली आणि उठेना. दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. शस्त्रक्रिया नीट झाली. त्यानंतर तिने सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पाण्यात औषध घालून नाक धुण्याचा नेम एकदाही चुकवला नाही. मी माझ्या गोळ्या आठवड्यातून दोनदा विसरतो.

तीन महिन्यांनी वासाची चाचणी झाली. छोट्या कुप्या एकेक करून नाकाशी धरायच्या, प्रत्येकीसाठी समोरच्या कार्डावर चार नावे, त्यांतल्या एकावर खूण करायची. कुणी मदत करायची नाही, म्हणून मला बाहेर बसवले. अर्ध्या तासाने निकाल हाती आला: बहुतेक उत्तरे चूक. वरिष्ठ डॉक्टरांनी कागदावर लिहिले, वास परत आलेला नाही. साखर तपासून सोमवारपासून गोळ्यांचा आणखी एक कोर्स.

"माले वास येस," माझी पत्नी म्हणाली.

"काकू, बऱ्याच जणांना तसं वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण चाचणीत ते दिसत नाही. गोळ्या चालू असताना साखरेवर आम्ही लक्ष ठेवू."

परतताना रिक्षात मी रागाने धुमसत होतो. आणि खोटे कशाला बोलू, तो राग तिच्यावर होता: कागद एक सांगत होता आणि ही दुसरेच. घरी आल्यावर मी तिची उलटतपासणी सुरू केली.

"पहिली कुपी कशाची होती?"

"काय मालूम. गोड वास व्हता. कार्डवर चार फळं, त्यातलं एक बी मी कधी खादं नही. स्ट्रॉबेरी नि काय काय."

"मग खूण कशावर केलीस?"

"केलीच नही. जे वळखत नही, त्यावर खूण कशी करू?"

"आणखी?"

"एकमा केळं लिखेल व्हतं. पन ते केळं नव्हतं."

"म्हणजे?"

"केळाना गोळीना वास. पोरं चघळतस ना, पिवळी गोळी, ती. मनी बहिण रावेरले देयेल शे. केळाना घड घरमा लटकेल ऱ्हातस. पिकेल केळाना वास असा येस का?" तिने माझ्याकडे असे पाहिले जणू ती कुपी मीच भरली होती. "केळं नही, म्हनी मी त्यासले सांगं. त्यासनी चूक लिखं."

मी खुर्चीवरून उठलो. हिच्या नाकाने कृत्रिम अर्क आणि खरे फळ यांतला फरक ओळखला होता, आणि ज्या उत्तरातून वास परत आल्याचे सिद्ध होत होते त्याच उत्तरावर फुली पडली होती. जिल्ह्यात केळीच्या ट्रकांची रांग लागते, आणि इथल्या बाईला केळे ओळखता येत नाही म्हणून साखर चढवणाऱ्या गोळ्या! त्या संध्याकाळी मी विभागप्रमुखांच्या नावे तीन पानी पत्र लिहिले. त्यातला मुख्य परिच्छेद असा:

"ज्या साक्षीदाराने जी वस्तू जन्मात पाहिली नाही, तिची ओळख पटवण्यास त्याला सांगणे आणि ओळख न पटल्यास त्याला आंधळा ठरवणे, हे कोणत्याही न्यायास धरून नाही. माझ्या पत्नीने केळ्याची कुपी नाकारली, हा तिच्या घ्राणेंद्रियाचा दोष नसून त्याच्या पुनर्लाभाचा पुरावा आहे. सबब, ओळखीच्या वासांवर फेरचाचणी होईपर्यंत गोळ्यांचा निर्णय स्थगित ठेवावा, ही विनंती."

शनिवारी सकाळी पत्र स्वतः नेऊन दिले आणि शिक्क्यासह पोच घेतली. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "नाना, नाकाच्या डॉक्टरला एवढं मोठं पत्र? त्यांना श्वास घ्यायला तरी जागा ठेवा." मी पोच खिशात घातली.

दुपारी फोन आला. डॉक्टरीणबाई होत्या.

"काका, पत्र सरांनी विभागात मोठ्याने वाचलं. मुद्दा दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे, तो पहिल्या ओळीत हवा होता."

"मुद्दा चूक आहे का?"

"नाही. पण आमचीही बाजू ऐका. माहीत नसलं तरी अंदाजाने खूण करायची, हा चाचणीचा नियम आहे. ज्याला अजिबात वास येत नाही त्याचीही काही उत्तरं अंदाजाने बरोबर येतात, तेवढी आम्ही हिशोबात धरतो. काकूंनी खूणच केली नाही. तो नियम मी त्यांना समजेल असा सांगायला हवा होता, ही माझी चूक. आणि वासांची यादी त्या त्या प्रदेशाला जुळवून घ्यावी लागते, हे इतर देशांतल्या संशोधकांनीही मान्य केलंय. सोमवारी या. गोळ्या सध्या थांबवल्यात."

मी लगेच दुसरी मागणी पुढे केली: आधीचा निकाल खोडावा.

"तो खोडता येणार नाही. एकदा नोंदवलेली जबानी कुणी खोडतं का? तुम्हीच सांगा, काका."

हा प्रश्न मला विचारायला नको होता. "त्यापुढे शेरा लिहा," मी म्हणालो, आणि त्यांनी ते कबूल केले.

सोमवारी मला आत बसू दिले, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. टेबलावर झाकणाच्या लहान डब्या होत्या. पत्नीने डोळे मिटले.

"लसूण," ती म्हणाली. पुढची डबी. "चहानी पत्ती." पुढची. "लवंग." मग ती हसली. "हाई केळं शे. आते खरं शे."

पाचव्या डबीपाशी ती थांबली. डबी मला दिसत होती. आत हिंग होता. हिंगाचा वास तिला यायलाच हवा असे मला वाटले, आणि मी घसा खाकरला.

डोळे न उघडता ती म्हणाली, "साक्षीदारले पढावू नका."

डॉक्टरीणबाईंनी ओठ दाबून हसू आवरले. माझ्या पत्नीने डबी पुन्हा नाकाशी नेली, बराच वेळ धरली आणि खाली ठेवली. "काहीतरी शे. पन काय, ते सांगता येत नही."

"अंदाज?"

"तुमना नियम शे, म्हनीसन अंदाज सांगस. मोहरी. पन तो अंदाज शे, असं लिखा."

डॉक्टरीणबाईंनी तसेच लिहिले. मी त्या कागदाकडे पाहत राहिलो. इतकी वर्षे शपथ देणारा मी, आणि जिने कधी शपथ घेतली नाही ती ठाऊक असलेले आणि अंदाजाचे वेगवेगळे ठेवत होती. तेही गोळ्यांची टांगती तलवार डोक्यावर असताना, नवरा समोर खाकरत असताना. अंदाज खात्रीचा म्हणून सांगण्याचा मोह कुणालाही झाला असता. तिला झाला नाही.

तिला सगळे वास परत आले नाहीत. वरिष्ठांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, दुर्बिणीने नाक तपासले. आत मस नव्हते. मग त्यांनी लिहिले: वास अंशतः परत आला आहे, गोळ्यांची गरज नाही, नाक धुणे चालू ठेवावे, तीन महिन्यांनी पुन्हा. मी दोन्ही कागदांची प्रत मागितली, तीही सहीशिक्क्याची.

"काका, आता आणखी पत्र?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"आभाराचे," मी म्हणालो. "मुद्दा पहिल्या ओळीत येईल."

पत्नीने फेरचाचणीचा कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मोहरीपुढे 'अंदाज' लिहिलेले आहे याची खात्री केल्यावरच खाली सही केली.