दोन तळांचा गुंड

आमच्या बाबांचा बँकेवर विश्वास नव्हता, तिजोरीवर नव्हता आणि आईवर तर मुळीच नव्हता. भंडाऱ्यात आमचं पितळी भांड्यांचं दुकान होतं, पण बाबांचा जीव अडकलेला होता जुन्या नाण्यांत. राणीछाप, राजाछाप, भोसल्यांच्या टाकसाळीतले रुपये, झिजून गुळगुळीत झालेले तांब्याचे पैसे. नुसतं बोट फिरवून ते नाणं कुठल्या काळातलं ते सांगायचे. ताई कितव्या वर्गात आहे हे मात्र त्यांना आईला विचारावं लागे.

एकदा नागपूरच्या कुणा जाणकारानं सांगितलं की संग्रह मौल्यवान आहे, जपा. झालं! बाबांची झोप उडाली. तिजोरी आणली तर चोराला आपणच जागा दाखवल्यासारखं. लॉकर घेतलं तर बँकेतल्या बाबूला कळणार. नाणी आधी धान साठवायच्या ढोलीत गेली, तिथं उंदरांनी पिशवी कुरतडली. मग बाबांनी धंद्यातली अक्कल लढवली. घरातला पाणी भरायचा जुना, जाड पितळी गुंड एका कारागिराकडून मधल्या जोडावर उकलून घेतला, तळाशी नाणी राखेत दाबली, वर दुसरा तळ बसवला आणि गुंड पुन्हा होता तसा जोडून आणला. हलवा, आपटा, काही वाजत नव्हतं. घरात कुणालाही पत्ता नव्हता. यालाच ते सुरक्षितता म्हणत.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी ताईचं लग्न ठरलं, मोहाडीला. बाबा पत्रिका वाटत गावोगाव फिरत होते, तेव्हा इकडे आई आंदणाची भांडी काढत होती. दुकानातली नवी भांडी आईला चालेनात. म्हणाली, "दुकानातला पत्रा कागदासारका हाय. तो गिऱ्हाइकासाठी. माह्या पोरीले मी घरचाच गुंड देईन." आणि तिनं तो चिंचेनं घासून लखलखीत केला, वर ताईचं नाव कोरून घेतलं.

बाबांना तो दिसला थेट मांडवात, आंदणाच्या रांगेत पहिल्या नंबरावर. व्याह्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि चारचौघांत म्हणाले, "बाप्पा! वजन तं पाहा. व्याह्यांनी हात आखडला नाही." आता काय करणार? नाव कोरलेलं आंदण परत मागणारा बाप आमच्याकडे तरी कुणी पाहिलेला नाही. पाठवणीच्या वेळी भांड्यांची गाडी निघाली तसे बाबा ओक्साबोक्शी रडले. नातेवाईक म्हणाले, बाप असावा तर असा.

घरी आल्यावर त्यांनी आईला खरं सांगितलं. मी तिथंच मांडवातल्या सतरंज्या गुंडाळत होते. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "मंग मले काहून नाही सांगतलं?" बाबा उखडले, "तुले सांगतलं असतं तं सुरक्षित राहिलं असतं काय?" मला इतकं हसू आलं की सतरंजीत तोंड खुपसावं लागलं.

त्यानंतर बाबांना लेकीची ओढ लागली. महिन्या-दोन महिन्यांनी एसटी धरून मोहाडी. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा त्यांचा नेम. त्यामुळे ओसरीवर कोरड्या घशानं बसायचे आणि पाण्याच्या गुंडाकडे टक लावून पाहायचे. तास-दोन तास काय करणार? म्हणून मग बोलायला लागले. सासू कशी आहे, तुझा खोकला बरा झाला का, धानाच्या रोवणीला मजूर मिळाले का. हे सगळं त्यांनी आमच्या घरात जन्मात कधी विचारलं नव्हतं. माझा तर जळफळाट व्हायचा. माझ्या लग्नात त्यांनी आंदणाचं एकेक भांडं उलटं करून, ठोकून पाहिलं. माझ्या घरी ते वर्षातून एकदा येत, तेही आले तर.

मग स्टीलचा जमाना आला. घरोघरी पितळ मोडीत निघालं. मी माहेरी गेले होते, तेव्हाच मोहाडीहून निरोप आला की ताईची सासू पितळ देऊन स्टील घेऊन राहिली आहे. बाबांनी पायांत चपला अडकवल्या आणि मला घेऊन स्टँड गाठला.

ताईच्या घरात सगळीकडे स्टील चमकत होतं. कोपऱ्यात तेवढा तो एकटा गुंड. बाबा त्याच्याकडे पाहत खाली बसले. ताईनं गुंड रिकामा करून त्यांच्यासमोर ठेवला.

"न्या बाबा. सासूले म्या समजावलं आहे. नाणी आतच हायत."

मीच विचारलं, "तुले कसं मालूम?"

"भांडेवाल्याची पोरगी नोहो का मी? एवढा मोठा गुंड अन् दोनच घागरींत भरते. पयल्याच दिवशी समजलं, अन् तुम्ही त्याच्याकडे टक लावून बसले तवा आत काय हाय तेही समजलं."

"मंग इतके वर्षं सांगतलं काहून नाही?" बाबा कसेबसे म्हणाले.

ताईनं डोळ्यांना पदर लावला. "सांगतलं असतं तं तुम्ही आले असते का?"

बाबांनी गुंड उचलून परत कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि ताईला म्हणाले, "पाणी दे वो बाई, घसा सुकला."