नाल्याकडचं तोरण

"बैलाले तोरण लागते, मंग इमानाले काहून नाई?" माझ्या मागे बसलेली म्हातारी म्हणाली.

"ते का तुह्या घरचं गोऱ्हं हाये, बुढे?" दुसरीनं टोमणा मारला. सगळ्याजणी हसल्या.

"हसा वो. माहं वावर गेलं त्या पट्टीत. माह्या वावरात पाहुणा येऊन राह्यला, त्याले तसाच उतरू देऊ?"



अकोल्याच्या विमानपट्टीवर त्या सकाळी पहिलं विमान उतरणार होतं. कापूसबाजारातून टांग्यानं निघालं की घोड्याला घाम येण्याआधी पट्टी लागायची, इतकी ती शहराला चिकटून होती. काका तिथे ओव्हरसियर होते. मी अमरावतीच्या इंग्रजी शाळेतली, दर सुट्टीत त्यांच्याकडे येणारी. साहेबलोकांच्या मांडवात माझ्यासाठी खुर्ची होती. पण खुर्चीवर बसलं की कोणीतरी काहीतरी विचारतं. म्हणून मी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, नाल्याकडे, कामावरच्या बायकांत येऊन बसले होते. त्या मला 'मडमीण' म्हणत. माझं पुस्तकी मराठी ऐकून एकदा खूप हसल्या होत्या, तेव्हापासून मी त्यांच्यात फक्त मान हलवत असे.

ही पट्टी मी सुट्टी-सुट्टीत होताना पाहिली होती. लढाईच्या दिवसांत वरून हुकूम आला आणि काळ्या जमिनीत खोदकाम सुरू झालं. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून ती उपसून टाकायची, दगड भरायचे, वर मुरूम पसरायचा. याच बायका ओळीनं उभ्या राहून मुरूम दाबायला जड धुम्मस आपटायच्या; एक गाणं सांगायची, बाकीच्यांचे हात एकदम खाली यायचे. दगडी रूळ ओढायला बैल होते, त्याच वावरांत पूर्वी वखर ओढणारे. काका संध्याकाळी अनवाणी पट्टीवरून चालत जायचे. पाय जिथे जरा दबेल तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा मुरूम. गर्व न करता आपल्या कामावर त्यांच्याइतका जीव लावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

एकच उणीव होती. एकीकडे नाला, दुसरीकडे शहराची घरं, त्यामुळे पट्टी आखूड राहिली. त्या सकाळी चहा घेताना नागपूरहून आलेला गोरा अधिकारी काकांना माझ्यासमोरच इंग्रजीत ते स्पष्ट सांगत होता. वैमानिकाला वाऱ्याकडे तोंड करून, अगदी खाली घसरत यावं लागेल आणि पट्टीच्या सुरुवातीलाच चाकं टेकवावी लागतील. आज जमलं नाही तर ही जागा सोडून द्यायची, दुसरीकडे पाहायचं. काकांनी कप हातात धरला होता, पण ओठाला लावला नाही. मला वाटलं, सोडून दिली तरी हे मुरूम-दगड आता कोण काढणार? म्हातारीचं वावर काही परत वावर होणार नव्हतं.

पट्टी राहिली. लढाई संपल्यावरही तिथे अधूनमधून विमानं उतरत आली आहेत. पण त्या सकाळी ते कोणालाच माहीत नव्हतं.

म्हातारीचा नवरा आणि आणखी एक शेतकरी यांनी तेवढ्यात नाल्याकडच्या टोकाला दोन उंच बांबू उभे धरले. मधे सुंभाचा दोर, त्याला आंब्याची पानं, झेंडूची फुलं. पोळ्याला बांधतात तसंच, फक्त फार रुंद. तोरण खरोखर देखणं होतं. त्यांचा विचारही सरळ होता. विमान घारीसारखं वरून मधोमध उतरेल, पट्टीभर धावेल आणि बैल घराकडे निघतात तसं तोरणाखालून जाईल. मांडवाकडे साहेबलोकांना अडचण नको, म्हणून त्यांनी हे टोक निवडलं होतं. मांडवातले सगळे आभाळाकडे बघत होते. काकाही तिकडेच, लांब, हाक पोचणार नाही इतके लांब.

वाऱ्याची दिशा कळावी म्हणून पट्टीवर लावलेल्या काठीवरच्या कापडी पिशवीकडे मी पाहिलं. वाऱ्यानं ती फुगून थेट आमच्याकडे वळली होती. वारा मांडवाकडून येत होता. म्हणजे विमान आमच्या बाजूनं येणार, नाल्यावरून, अगदी खाली घसरत, थेट या दोरावर. चहाच्या वेळचं ते बोलणं आणि हे तोरण, दोन्ही माहीत असलेली तिथे मी एकटीच होते.

नाल्यापलीकडे आवाज सुरू झाला. आधी गिरणीसारखा बारीक, मग मोठा. बायका उठून उभ्या राहिल्या. "आलं वो माय, आलं!" म्हातारीनं पदर सावरून हात जोडले.

माझ्या तोंडात आधी इंग्रजी वाक्य आलं, मग पुस्तकी मराठी. दोन्हींचा तिथे उपयोग नव्हता. तोरण फेकून द्या, असं तर त्या म्हातारीसमोर मला म्हणायचंच नव्हतं. मी धावत गेले, म्हाताऱ्याच्या हातातला बांबू धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "बाबाजी, तोरण इथं नोका लावू, तिकडं मांडवाकडं घेऊन चला! पाहुणा ह्याच वाटेनं येऊन राह्यला!"