पदरामागची खूण

खापरखेड्याच्या वसाहतीतून आम्ही दोघे निघालो: मी आणि शेजारचे शामरावकाका, ऐंशीला टेकलेले. नागपुरात इतवारीतल्या एका जुन्या कापडव्यापारी घराण्याने आपली पेढी लोकांना पाहायला खुली केली आहे. काकांचे वडील याच पेढीसाठी लुगडी विणत. त्यांच्या हातचं एखादं तिथे उरलं असेल तर काकांना ते पाहायचं होतं. आणि त्यावर विणकराचं नाव नसेल, तर ते लावल्याशिवाय मी परतणार नव्हते.

इतवारीत पोहे खाल्ले, वर तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा). काकांनी ती दोनदा मागून घेतली आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून खुशाल हसले. मग गल्लीबोळांतून त्यांनी मला थेट एका कुलूपबंद दारापाशी नेलं. कडी वाजवून हात दुखले, तेव्हा समोरच्या शिंप्याने सांगितलं की पेढीचं दार पलीकडे, मोठ्या रस्त्यावर आहे. काकांना ते ठाऊकच नव्हतं. विणकर माल घेऊन मागूनच यायचे.

पुढून आत शिरले आणि भांडायच्या तयारीने आले होते, हे क्षणभर विसरले. काळेभोर सागवानी खांब, छताला रंगीत काचेच्या हंड्या, भिंतीलगत लांबलचक पांढरी गादी. घराण्यातल्या सूनबाई, विजयाताई, माहिती देत होत्या. गादीवर मालक आणि गिऱ्हाईक बसत. विणकर पायरीखाली उभा राही. त्यांनी हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. दांडीवर एक जांभळं लुगडं होतं, खाली चिठ्ठी: ‘घराण्याची निर्मिती’.

घराण्यातलं कोण मागावर बसत होतं, मी विचारलं. विजयाताई चिडल्या नाहीत. विणणाऱ्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, त्या म्हणाल्या, मग अंदाजाने कोणाचंही लावायचं का?

काका एव्हाना लुगड्याच्या मागे गेले होते. पुढे पदर झळकत होता. दुसरं टोक आत दुमडून टाचलेलं.

“पदर सारेच पाह्यतात, बाई. विणणारा या टोकाले असते.”

लुगडं सुरू करताना प्रत्येक विणकर चार रंगीत धागे आपल्या क्रमाने घाली. माल कोणाचा ते त्यावरून कळे. वडिलांचा क्रम काकांनी आधीच सांगितला: दोन पिवळे, एक हिरवा, एक पिवळा. विजयाताईंनी टाचण्या काढल्या. अगदी तसेच होते. काकांनी त्यावर ठेवलेलं बोट बराच वेळ हललं नाही.

नाव लावायचं तर दिरांना विचारावं लागेल, विजयाताई म्हणाल्या. विचारा, आम्ही थांबतो, मी म्हटलं आणि काकांना हाताला धरून गादीवर बसवलं. विजयाताईंनी दोन फोन केले. दुसऱ्यात आवाज चढला. मग स्वतःच कोरा कागद आणि पेन घेऊन आल्या.

मी ठळक अक्षरांत काकांच्या वडिलांचं नाव लिहिलं आणि ऐटीत काकांपुढे धरलं.

“अन् मायचं काहून नाही लिहिलं वं? माय कांड्या (धोट्यातल्या सुताच्या नळ्या) भरे, तवा माग चाले. हक्काच्या गोष्टी तर लय सांगत जातं.”

मी दुसरा कागद मागितला. विजयाताईंनी दोन्ही नावं टाचली आणि लुगड्याचं ते टोक उघडंच ठेवलं.

परतीच्या बसमध्ये काका झोपले, मी जागी होते. पेढीत अजून कितीतरी लुगडी टोकं दुमडून टांगलेली आहेत आणि त्या खुणा वाचणारे डोळे थोडे उरलेत. वसाहतीत ज्यांच्या घरी माग होता, त्या प्रत्येक दारी मी जाणार आहे. आणि बापाचं नाव विचारण्याआधी विचारणार आहे, कांड्या कोण भरायचं.